सायडरसाठी 13 हजारांचा ज्युसर घ्यायचा काय? एका सीझनचा हिशोब

पहिलं एक सांगून टाकतो, हा रिव्ह्यू वजन उतरवायच्या त्या व्हिनेगरचा नव्हे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात मी नुसतं "सायडर" म्हणालो तर मालकानं मागं वळून व्हिनेगरची बाटली काढली, काउंटरवर ठेवली आणि माझ्या पोटाकडं बघत "सकाळी उपाशीपोटी दोन चमचे घ्या ओ, फरक पडतंय" असा सल्ला पण दिला. तो व्हिनेगर म्हणजे पुढची गोष्ट, रस आंबून दारू होते आणि दारू आंबून व्हिनेगर. मी म्हणालोय ते त्याच्या आधीचं, म्हणजे सफरचंदाचा ताजा, न गाळलेला, गढूळ तपकिरी रस, दालचिनी लवंग टाकून मंद आचेवर गरम केलेला. अमेरिकेत सायडर म्हटलं की हाच, इंग्लंडमध्ये मागितला तर दारू येते. नाव एक आणि पेयं दोन, त्यामुळं घरात पण आधी बरीच समजूत घालावी लागली.

मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये एका कस्टमरच्या कामासाठी तीन आठवडे मिशिगनला गेलतो. शनिवारी तिथल्या एकानं सफरचंदाच्या बागेत नेलं, तिकडं त्याला सायडर मिल म्हणतात, लोकं पोरंबाळं घेऊन येतात, गरम सायडर आणि त्याच्यासोबत डोनट खातात, आपल्याकडं हुरड्याला जातात तसं. बाकीचे बागेत फोटो काढत होते, मी प्रेसपाशी उभा. आधी सफरचंद सालीसकट किसून लगदा करायचा, तो जाड कापडात चौकोनी घडी घालून बांधायचा, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, परत कापड, परत जाळी, असे आठ दहा थर, आणि खालून हायड्रॉलिक सिलिंडर दाबत वर येतो. चारी बाजूनं रस गळायला लागतो. मी अर्धा तास बघत बसलो, मग तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं की बाबा तुला काही पाहिजे काय. तेव्हा कुठं एक गरम ग्लास घेतला, आणि तिथंच कामातनं गेलो.

घरी आल्यावर दोन वर्षं नुसतं बोलतच होतो. बायको म्हणाली बोलू नका, एकदाचं करा. मग गेल्या श्रावणात, बाहेर आपला तो बेळगावचा चार चार दिवस न थांबणारा पाऊस, आणि मी मोबाईल घेऊन बसलेलो, रात्री साडेअकराला ऑर्डर टाकली. स्लो ज्युसर, 12,990 रुपये. सोबत त्याच साइटवर एक "मल्ड सायडर मसाला किट" दिसला 449 ला, तो पण टाकला. ज्युसरच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे आणि मला भांडण नको, आणि तसं बघितलं तर या किमतीतले सगळे ज्युसर आतनं सारखेच असतात, वरचं प्लास्टिक तेवढं वेगळं.

मशीन म्हणून आधी चांगलं ते सांगतो. 240 वॅटची मोटर, खाली गिअरबॉक्स, मिनिटाला 48 फेरे. मिक्सर घरचा 18-20 हजारानं फिरतो, हा 48 नं, म्हणजे बघत बसलं तर झोप येईल. आत एक जाड स्क्रू आहे. त्याचा गाभा खाली जाईल तसा जाड होत जातो, म्हणून फळाला जागा कमी कमी होत जाते आणि ते दाबलं जातं. तेलाच्या घाण्याचं जे तत्त्व तेच. भोवती बारीक जाळी, जाळीतनं रस एका तोंडानं आणि चोथा दुसऱ्या तोंडानं. फिनिशिंग बरं आहे, स्क्रूवर मोल्डिंगची रेघ नाही, गिअर आवाज करत नाही. दुपारी आई शेजारच्या खोलीत झोपलेली असली तरी चालवता येतो, हे आमच्या घरात फार महत्त्वाचं.

आता तक्रार. दुसऱ्याच आठवड्यात जाळीच्या कडेला केसासारखी चीर दिसली. वॉरंटी आहे म्हणून फोन केला. कस्टमर केअरवालीनं पिन कोड विचारला, मी 590006 सांगितला, ती म्हणाली तुमचं सेंटर हुबळी. मी म्हणालो मॅडम मी पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला जालोय, पाहुण्यांचं लग्न आहे, तिथल्या सेंटरला दाखवतो. नाही म्हणे, कोल्हापूर महाराष्ट्रात येतंय, तुमचा पिन कर्नाटकचा. मग हुबळीला फोन केला तर ते म्हणालेत बिलावर शहर "बेलगाम" छापलंय आणि आमच्या सिस्टीममध्ये "बेलगावी" आहे, मॅच होईना. आता नाव बदललं 1 नोव्हेंबर 2014 ला, इतकी वर्षं झाली, आणि एका जाळीसाठी मी दोन राज्यं आणि दोन नावं यांच्यामध्ये अडकून पडलो. इथल्या माणसाला हे नवीन नाही म्हणा. शेवटी पाच आठवड्यांनी जाळी कुरिअरनं आली, फुकट, पण तोपर्यंत सीझन अर्धा गेलता. तेवढ्या दिवसांत चीर गेलेल्या जाळीवर चालवायचं नाही म्हणून मी मिक्सर आणि पंच्यावर आलो, आणि तिथंच या रिव्ह्यूचा सगळा निकाल फिरला.

पण त्याच्याआधी सफरचंद.

ऑगस्टपासनं हिमाचलचा माल येतोय, मग काश्मीर. गणपतीच्या आसपास खडेबाजार, गणपत गल्लीकडं गाड्याच गाड्या. मी आपला ठरलेल्या गाडीवर जातो. "एष्टु री?" म्हटलं की तो मला मराठीत उत्तर देतो, आणि मी मराठीत विचारलं की कन्नडात, दहा वर्षं हेच चाललंय. भाव त्यावेळी 140. पहिल्या दिवशी सगळी लाल लाल, चकचकीत, एकसारखी तीन किलो आणली, रस काढला, गरम केला आणि प्यालो तर काय, गोड पाणी. मिशिगनचं त्यात काहीच नाही. मला वाटलं मशीनचा दोष.

मग शॉपमधला रिफ्रॅक्टोमीटर आणला. आम्ही कूलंट, म्हणजे कटिंग करताना गार ठेवायला सोडतात ते पाणी, किती पातळ झालंय ते बघायला वापरतो, काचेवर एक थेंब टाकायचा आणि डोळा लावायचा, आकडा ब्रिक्समध्येच असतो, आणि ब्रिक्स म्हणजे मुळात साखरेचंच माप. नवा कोरा होता, साबणानं धुतला, तरी पोरगी म्हणाली "पप्पा, हे आपण पिणार नाही ना?" फक्त थेंब घ्यायचा असतो गं. रस 13 आला. म्हणजे साखर भरपूर. आणि हिरवं आंबट सफरचंद, ते इंपोर्टेड ग्रॅनी स्मिथ, 260 रुपये किलो, त्याचा 11. म्हणजे फरक साखरेत फार नाहीच, फरक आंबटपणात आहे आणि तो माझ्या यंत्रात दिसत नाही, त्याला जीभच पाहिजे. लाल डिलिशस जातीत आंबट कमी, सायडरला गोड, आंबट आणि थोडं तुरट असं सगळं लागतं, म्हणून तिकडं चार पाच जातींची मिसळ करून दाबतात.

आता माझं प्रमाण ठरलंय, तीन भाग शिमला, म्हणजे तीच लाल डिलिशस, आणि एक भाग हिरवं. हिरवं परवडत नसेल तर दोन लिटर रसाला अर्धं लिंबू, पण अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर. सगळी एकसारखी चकचकीत घेऊ नका, गाडीवाल्याला सांगून थोडी लहान, थोडी कच्चट, रंग न भरलेली पण घ्या, ती स्वस्त पण देतो आणि चव त्यातनंच येतीय. दाबून बघा, कडक पाहिजे. कोल्ड स्टोरेजमधलं जुनं, भुसभुशीत झालेलं घेतलं तर ज्युसरमधनं रस नव्हे, खीर येते, जाळी बसते, आणि मग उघडून धुवा. मार लागून काळं पडलेलं कापून चालतंय, पण कुजलेलं आणि निळी बुरशी आलेलं अख्खं टाकून द्या. त्या बुरशीतनं पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते उकळून जात नाही. सालीवरचं मेण जायला कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून पंच्यानं पुसून काढायचं, साल मात्र ठेवायची, रंग आणि वास तिथंच असतो.

गंमत बघा, ज्याला आपण शिमला सफरचंद म्हणतो ते मुळात अमेरिकेतलंच. सॅम्युअल स्टोक्स म्हणून एक अमेरिकन माणूस हिमाचलात कोटगढला राहिला, त्यानं 1916 च्या सुमाराला डिलिशस जातीची रोपं तिकडनं आणून लावली, पुढं तो हिंदू झाला, सत्यानंद नाव घेतलं, स्वातंत्र्याच्या चळवळीत जेलमध्ये पण गेला. म्हणजे मी मिशिगनला जाऊन जे शोधत होतो त्याचं चुलत भावंड गणपत गल्लीत हातगाडीवर ढीग लावून पडलेलं.

तर जाळी कुरिअरमध्ये असताना बायको म्हणाली मिक्सर आहे की. नवा पांढरा पंचा आणला, खळ जाईपर्यंत दोनदा उकळून वाळवला. सफरचंदाचा गाभा आणि बिया काढायच्या. हे दोन्ही पद्धतीत करा, बी अख्खी गेली तर काही नाही पण फुटली तर कडू होतंय आणि त्यात सायनाइड तयार करणारा पदार्थ असतो, चार बियांनी कोणी मरत नाही तरी उगीच कशाला. फोडी मिक्सरला थांबून थांबून फिरवायच्या, अगदी गंध करायचा नाही, जाडसर ठेवायचा, आणि पंच्यात घालून पिळायचं, चक्का बांधतो तसं. पहिला रस झरझर येतो, शेवटचा काढायला मनगट लागतंय. मी आणि माझा मेहुणा दोन्ही टोकांना धरून पिळत होतो, आई म्हणाली धुणं वाळत घालालेत काय रे.

आता आकडे, कारण शॉपमध्ये राहून सवय लागलीय. बाजारातनं आणलेलं एक किलो सफरचंद, गाभा काढून, ज्युसरमधनं 610 मिली रस. मिक्सर आणि पंचा, 500 मिली. दोन्ही तीन तीन वेळा करून सरासरी काढली. म्हणजे एक लिटर रसाला ज्युसरला 1.64 किलो लागतं आणि पंच्याला 2 किलो. फरक 360 ग्रॅम, 140 च्या भावानं लिटरमागं पन्नास रुपये वाचले. 12,990 भागिले 50, साधारण 260 लिटर. मी सीझनला 20 लिटर केला, तो पण गल्लीला पाजून. म्हणजे पैसे वसूल व्हायला 13 वर्षं, आणि जाळी दोन आठवड्यांत चिरली.

वेळेचं म्हणाल तर ज्युसरला किलोला आठ नऊ मिनिटं, पण मग सुटे भाग सहा, ब्रशनं जाळी घासायला दहा बारा मिनिटं, आणि वाळायच्या आत घासली नाही तर ते बारीक भोकांतलं बसतंय ते बसतंयच. पंचा झटकला, धुतला, दोरीवर टाकला.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा माझ्या ध्यानात उशिरा आला, तो विकत घेताना आला असता तर बरं झालं असतं. हे स्लो ज्युसर विकताना काय सांगतात? हळू फिरतो, उष्णता होत नाही, म्हणून जीवनसत्त्वं टिकतात. ठीक आहे. पण मी त्यातनं रस काढून पुढं करालोय काय तर पातेल्यात ओतून गॅसवर 80 डिग्रीला पाऊण तास ठेवालोय. म्हणजे ज्या गोष्टीचे तेरा हजार मोजले तीच गोष्ट मी स्वतःच्या हातानं उकळून टाकतोय. रस काळपट होत नाही म्हणतात ते पण तसंच, सायडर तपकिरीच असतो, कापलेलं सफरचंद हवेनं काळं पडतं तीच क्रिया, आणि इथं ती हवीच. मिक्सरचा रस जास्त तपकिरी आला आणि दिसायला मिशिगनच्या जास्त जवळ गेला. थंड रस रोज प्यायचा असेल, गाजर बीट आवळा करायचा असेल, तर ज्युसर घ्या, चांगलं मशीन आहे. गरम मसाला सायडरसाठी घेऊ नका. एवढंच.

गरम करणं टाळू पण नका. 1996 साली अमेरिकेत कच्च्या, न तापवलेल्या सफरचंद रसातनं ई. कोलाय पसरला, बरीच माणसं आजारी पडली आणि एक लहान मूल गेलं. 1998 पासनं तिकडं पाश्चराइज न केलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापावा लागतो. 71 डिग्रीला तो जंतू मरतो. घरात म्हातारं माणूस, लहान पोर, गरोदर बाई असेल तर तापवूनच द्या. किचन थर्मामीटर तीनशे रुपयाला मिळतो, तो माझ्या मते ज्युसरपेक्षा कामाचा.

आता तो 449 चा किट. सुंदर डबा, वर हरणाचं चित्र, आत साठ ग्रॅम माल. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असतात, तर पहिलंच नाव साखर. दालचिनीचे तुकडे म्हणजे सालपटाचा चुरा, संत्र्याची साल होती पण वास नव्हता, वाळून खडखडीत, आणि बाकी सगळी पावडर. पावडर टाकली की दोन गोष्टी होतात. रस गढूळ चिखलासारखा होतो आणि दालचिनीची पावडर पाण्यात बुळबुळीत होते, घशाला शेंबूड लागल्यासारखं, माफ करा पण तसंच लागतं. किटला पाचपैकी एक, तो पण डब्याला. डब्यात आता बायकोच्या टिकल्या आहेत.

त्याच्याऐवजी रविवार पेठेत जावा. तिथल्या घाऊक दुकानात अख्खा मसाला हातात घेऊन, वास घेऊन, तोडून बघून घेता येतो, आणि दुकानदार वैतागत नाहीत. मी 180 रुपयांत जो आणला तो अख्खा सीझन पुरून उरला, उरलेला दिवाळीच्या मसालेभाताला गेला. दालचिनी दोन तऱ्हेची मिळते. जाड, एकाच सालीची, कडक, तिखट ती नेहमीची कॅशिया. आणि पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी गुंडाळलेली, हातानं चुरगळते ती सिलोनची, महाग. सायडरला मी दोन्ही करून बघितल्या. सिलोन नाजूक आहे, चहाला छान, पण सफरचंदापुढं हरते. जाडच घ्या, फक्त रोज लिटरभर पिणार असाल तर तीत कुमारिन नावाचा पदार्थ जास्त असतो, लिव्हरला बरा नव्हे, पण रोज लिटरभर कोण पितंय.

तिकडच्या रेसिपीत ऑलस्पाइस असतो, मिऱ्यासारखं दिसणारं वाळवलेलं फळ. दुकानात विचारलं तर एकानं कबाबचिनी पुढं केली, ती दिसायला तशीच पण शेपटीवाली, वेगळी वस्तू, चव कडवट. मी परत आलो. आणि आमच्या शेजारच्या अक्कांच्या दारात कुंडीत काय, तर ऑलस्पाइसचं झाड! नर्सरीवाल्यानं "पाच मसाल्यांचं झाड" म्हणून दिलेलं, त्या पुलावाला पान टाकतात. जमैकाचं झाड ते, आपल्याकडं मिरी धरत नाही बहुतेक, पण पानाला तोच वास, लवंग जायफळ दालचिनी मिळून. एक पान टाकलं की काम झालं.

तर दोन लिटर रसाला माझं माप, चार महिन्यांच्या चुकांनंतर आलेलं. बोटाएवढे दालचिनीचे दोन तुकडे, लवंगा सहा (आठ टाकल्या तर जीभ बधीर होते, दाताच्या डॉक्टरकडं गेल्यासारखं लागतं), बादियानचं (चक्रीफुलाचं) एक फूल, ऑलस्पाइसचं एक पान, जायफळाचा वाटाण्याएवढा तुकडा, आल्याची एक चकती, आणि संत्र्याच्या सालीच्या दोन तीन पट्ट्या, आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून, नाहीतर कडू. मसाला तव्यावर अर्धा मिनिट कोरडा गरम केला तर आणखी बरा. सगळं सुती फडक्यात पुरचुंडी बांधून सोडायचं. जाड बुडाचं पातेलं, बारीक गॅस, झाकण अर्धं. कडेला बारीक बुडबुडे आले पाहिजेत, खळखळ उकळी नको, उकळी आली की वर फेस धरतो आणि सगळा वास स्वयंपाकघरभर जातो, ग्लासात काही राहत नाही. वर येणारा मळकट फेस पळीनं काढत राहायचा. चाळीस मिनिटांनी पुरचुंडी काढायची म्हणजे काढायचीच, मी एकदा रात्रभर तशीच ठेवली, सकाळी तो सायडर नव्हता, दंतमंजन होतं.

गोडीला सहसा काही लागत नाही. फार आंबट झाला तर सुपारीएवढा गूळ, चिक्की गूळ नको, साधा. रंग पण भारी येतो.

एक शॉर्टकट पण सांगतात, रस काढायचाच नाही, फोडी आणि मसाला पाण्यात घालून दोन तास शिजवायचं, घोटायचं, गाळायचं. बायकोनं कुकरला दोन शिट्ट्या काढून केला. वाईट नव्हता, पण शिजलेल्या सफरचंदाची चव, ताज्याची नव्हे. आईनं घोट घेतला आणि म्हणाली "काढाच की रे हा." अक्का म्हणाल्या "कषाय," म्हणजे कन्नडात काढाच. दोघींचं त्यावर एकमत झालं, आणि मग अर्धा तास माझा सायडर बाजूला राहिला आणि कोणाच्या माहेरी कषायात काय घालतात, धने किती जिरं किती, यावर चर्चा. पुढच्या संकष्टीला आईनं विचारलं हे उपवासाला चालतंय काय. फळाचा रस चालतो, लवंग चालते, दालचिनीवर घोळ झाला, आल्यावर पण झाला. शेवटी तिनं दालचिनी काढून स्वतःसाठी वेगळा करून घेतला आणि तो खरं सांगायचं तर बरा लागला.

एक चूक मात्र कोणी करू नका. सप्टेंबरात कच्चा, न तापवलेला रस बाटलीत भरून झाकण घट्ट लावून कट्ट्यावर विसरलो. तिसऱ्या दिवशी झाकण उघडायला गेलो तर फट्ट करून छताला. रस फसफसलेला, वास थेट बारसारखा. सालीवर, हवेत यीस्ट असतंच, साखर मिळाली की ते कामाला लागतं. काचेची बाटली असती तर फुटली असती, बरं तर बरं प्लास्टिकची होती. आई देवघरातनं ओरडली "घरात दारू पाडालास काय!" आणि तिचं फार चुकलं नव्हतं, तो हार्ड सायडरच व्हायला लागलता. लायसन नसताना घरी दारू करणं कर्नाटकच्या 1965 च्या एक्साइज कायद्यात बसत नाही, त्यामुळं मोरीत ओतला. तापवलेला सायडर फ्रीजमध्ये चार पाच दिवस चांगला राहतो, त्यापुढं ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

चोथ्याचं काय ते राहिलंच. ज्युसरचा चोथा कोरडा भुस्सा, पंच्याचा ओलसर. पंच्याच्या चोथ्यात थोडं तूप, साखर घालून बायकोनं परतून वड्या पाडल्या, मेहुणा म्हणाला कुंद्यापेक्षा, म्हणजे आमच्या बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईपेक्षा, बरं, हे त्यानं बेळगावात राहून म्हणायला नको होतं. ज्युसरचा अनगोळच्या गवळ्याकडं, म्हशीला.

स्टार द्यायचे तर ज्युसर मशीन म्हणून साडेतीन, सायडरसाठी दोन, सर्व्हिसला एक. रविवार पेठ पाच. पंचा पाच.

आणि कोणी विचारेल म्हणून, ते 500 मिलीचे 600 करायचे कसे ते पण डोक्यात आलंय. दोन टनांचा गाडीचा बॉटल जॅक, वर चौकट, आणि खाली 304 स्टेनलेस स्टीलची जाळीची टोपली, कापडात बांधलेला लगदा आत. तेलाचा थेंब रसात पडू नये म्हणून जॅक खाली ठेवून वरच्या बाजूला दाबायचं, मिशिगनसारखं. टोपली शॉपमध्ये कापून झालीय, वेल्डिंग राहिलंय. घरात अजून सांगितलेलं नाही.